आकाशातलं टोचन, आणि न उघडणारं झाकण

बारा-तेराचा पाना | शनिवार, रात्री ९:४२

एप्रिल २०२५ मध्ये वर आकाशात एक टोचन सुटलं. बातमी छोटी होती. आपल्याकडे कुणी छापली असेल तर माझ्या नजरेतून निसटली. म्हणून हा धागा.

इंटेलसॅट ९०१ नावाचा उपग्रह २००१ साली वर गेला. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, जिथे उपग्रह पृथ्वीच्याच चालीने फिरतो आणि खालून बघणाऱ्याला एका जागी टांगल्यासारखा वाटतो, तिथे त्याने १८ वर्षं इमानेइतबारे नोकरी केली. यंत्रं सगळी ठणठणीत, फक्त टाकी तळाला लागली. अशा वेळी रिवाज असा की उरलंसुरलं इंधन जाळून उपग्रह आणखी ३०० किलोमीटर वर न्यायचा, जागा मोकळी करायची आणि बटण बंद. त्या जागेला स्मशान कक्षाच म्हणतात. म्हणजे माणूस धडधाकट, पण डबा रिकामा, म्हणून पोचवायचं.

९०१ला तिथे नेलंसुद्धा. आणि तिथेच २५ फेब्रुवारी २०२० रोजी एमईव्ही-१ नावाचं यान मागून येऊन त्याला चिकटलं. यान नॉर्थ्रप ग्रमन या अमेरिकन कंपनीच्या स्पेसलॉजिस्टिक्सचं. तिथून पुढे वळवणं, ढकलणं, जागेवर धरून ठेवणं हे सगळं एमईव्हीकडे, आणि ९०१ने नुसता आपला संदेशवहनाचा धंदा सांभाळायचा. पाच वर्षं असा संसार चालला. मग त्याला परत स्मशानात नेऊन सोडलं आणि एमईव्ही पुढच्या कामाला मोकळं झालं. दुसरं, एमईव्ही-२, एप्रिल २०२१ मध्ये इंटेलसॅट १०-०२ला जाऊन लागलं. ते तर चालू कामात असताना, स्मशानात न नेताच.

आता पकडलं कुठे, ते ऐका. उपग्रहाला हूक नसतो, कडी नसते. पण बुडाला एक इंजिन असतं. रॉकेटने सोडल्यावर शेवटची उंची गाठायला वापरायचं आणि मग जन्मभर गप्प. एमईव्हीने त्या इंजिनाच्या शंकूत दांडा घातला, तो अरुंद गळ्याच्या पलीकडे गेल्यावर त्याची बोटं फुलवली आणि मागे ओढलं. भिंतीत अँकर फास्टनर फुलतो तसं. ओढता ओढता उपग्रहाची बुडाची रिंग, जी रॉकेटला बसवलेली असते, ती एमईव्हीच्या टेकूंवर घट्ट येऊन बसली. ज्याच्या डोक्यात हे आलं त्याला माझा नमस्कार.

पण मंडळी, हे टोचन झालं. रिपेअरिंग नव्हे. त्या ९०१च्या टाकीत पाच वर्षांत थेंबभर इंधन कुणी ओतलं नाही, कारण टाकीचं झाकण उघडत नाही. जमिनीवर एकदा इंधन भरतात, व्हॉल्व्ह बंद, वर टोपण, टोपणाला लॉकवायर पिळून बांधायची, आणि त्यावर ती चमकणारी थरांची गोधडी चढवायची. बसवणाऱ्याने हे 'आता परत कुणी उघडायचं नाही' अशा हिशेबानेच बसवलेलं असतं.

मी ३१ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. रोबोच्या हाताचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल तर घोडं अडलंय ते झाकणापाशी.

---

तिसरी घंटा | शनिवार, रात्री १०:०५

काका, मस्त लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न विचारू का? वर हवा नाही, घर्षण नाही. मग एका जागी 'टांगलेल्या' उपग्रहाला इंधन लागतं कशाला?

---

बारा-तेराचा पाना | शनिवार, रात्री १०:३१

बाळबोध कसला, मी पण हाच विचारला होता. सूर्य आणि चंद्र ओढतात, त्यामुळे कक्षा दरवर्षी थोडी थोडी कलत जाते. ती सरळ करत राहायचं, सगळ्यात जास्त इंधन त्यात जातं. शिवाय पृथ्वी काही घडवलेला गोल लाडू नाही. तिच्या ओबडधोबडपणामुळे मोकळा सोडलेला उपग्रह पूर्व-पश्चिम घरंगळतो. वाटीत गोटी सोडली की बुडाशी येते, तशा त्या कक्षेला दोन वाट्या आहेत. एकीचं बूड साधारण ७५ अंश पूर्व रेखांशावर. नकाशा काढून बघा, हा रेखांश अहिल्यानगर आणि बीडच्या मधून जातो. दक्षिणेला विषुववृत्तापर्यंत न्यायचा आणि वर बघायचं. बेवारस झालेले बरेच उपग्रह त्या जागेच्या आजूबाजूला वर्षानुवर्षं डोलत असतात.

---

हासन रोड | शनिवार, रात्री ११:१८

याच क्षेत्रात बरीच वर्षं होतो. कुठे ते सोडा.

पाना साहेब, झाकणाच्या आधी एक पायरी आहे. टाकीत किती उरलंय हेच नीट कळत नाही. वजनच नाही म्हटल्यावर द्रव तळाशी बसत नाही, आणि मग काटा कशाचा दाखवणार? म्हणून वाण्याच्या वहीसारखा हिशेब ठेवतात. अमुक वेळा थ्रस्टर, म्हणजे जागेवर ठेवणारं छोटं इंजिन, इतके सेकंद उडवला, म्हणजे इतकं गेलं. जोडीला टाकीचा दाब आणि तापमान बघून दुसरा अंदाज. पंधरा वर्षांच्या अशा खतावणीत शेवटी काही महिन्यांचा फरक सहज पडतो. स्मशान कक्षेपर्यंत जायलाही इंधन लागतं, तिथे कमी पडून चालत नाही. त्यामुळे थोडं शिल्लक असतानाच निरोप द्यायचा. चांगल्या चालणाऱ्या उपग्रहाला केवळ खात्री नाही म्हणून बंद करण्याची आज्ञा पाठवताना खोलीत कुणी फारसं बोलत नाही.

आपल्याकडे इंधनाचा फटका पहिल्याच घासाला बसला होता. इन्सॅट-१ए, एप्रिल १९८२ मध्ये गेला, ७ वर्षं चालायचा होता. एकामागून एक अडचणी आल्या, सावरता सावरता इंधन संपलं आणि सप्टेंबरमध्ये सोडून द्यावा लागला. पाच महिने! पुढे १-बी चॅलेंजर शटलमधून गेला, त्याचीही सौर पंखी कितीतरी दिवस अडकून बसली होती. ती उघडली आणि मग गावोगाव दूरदर्शन पोचलं.

---

टोटल लॉस | रविवार, सकाळी ८:५०

आयडीवरून धंदा ओळखला असेलच. विम्यात आहे, उपग्रहांच्या नव्हे, ट्रकांच्या.

पण आमच्या धंद्यातली लाडकी गोष्ट उपग्रहाचीच आहे. फेब्रुवारी १९८४ मध्ये शटलमधून दोन उपग्रह सोडले, वेस्टार-६ आणि इंडोनेशियाचा पालापा बी-२. दोघांच्याही मोटरने दगा दिला, दोघंही भलत्याच खालच्या कक्षेत अडकले. विमा कंपन्यांनी पैसे भरले. आणि पैसे भरले म्हणजे माल कुणाचा? त्यांचा! आम्ही जळका ट्रक भंगारात विकून चार पैसे सोडवतो, तसंच. त्यांनी नासाबरोबर ठरवलं आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये डिस्कव्हरी शटल वर गेलं. जो ॲलन आणि डेल गार्डनर या दोन अंतराळवीरांनी पाठीवरच्या जेटच्या खुर्चीवर बसून दोन्ही उपग्रह पकडून आणले. काम झाल्यावर 'विकणे आहे' अशी पाटी हातात धरून फोटो काढला. विकलेही गेले. दुरुस्त होऊन १९९० मध्ये दोघंही पुन्हा वर गेले, वेस्टार तर एशियासॅट-१ हे नवं नाव घेऊन.

सर्व्हेयरने पंचनाम्याला वरपर्यंत जायचं ही कल्पनाच मला भारी वाटते. भत्ता किती लावायचा?

---

वापरा आणि फेका | रविवार, सकाळी ९:३३

सगळं छान, पण भावनेच्या भरात जाऊ नका. आता मिक्सर बिघडला तर कुणी दुरुस्त करतं का? पृथ्वीजवळच्या कक्षेत हजारोंनी छोटे उपग्रह आहेत, पाचेक वर्षांचं आयुष्य, मग खाली आणून वातावरणात जाळायचे. त्यातला एक बिघडला तर त्याच्यामागे मेकॅनिक पाठवणं म्हणजे दोनशेच्या चपलेला पाचशेचा चांभार. एमईव्हीसाठी इंटेलसॅट वर्षाला साधारण १.३ कोटी डॉलर मोजत होती असं छापून आलं होतं. हा खर्च परवडतो तो फक्त उंचावरच्या, हत्तीएवढ्या, महागड्या उपग्रहांना. आणि त्यांची मागणीच आता कमी होतेय.

---

बारा-तेराचा पाना | रविवार, सकाळी १०:१५

मिक्सर दुरुस्त करतात हो. आमच्या गल्लीत ब्रश बदलून देणारा अजून बसतो. पण तुमचा हिशेब खोटा नाही, छोट्यांना हे परवडणारच नाही. १.३ कोटी डॉलर देणाऱ्याने मात्र नवा उपग्रह मागवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं असं पाहूनच दिले असतील ना? पाच वर्षांचा वेळ विकत घेतला त्यांनी.

आता झाकणाचं पुरतं सांगतो, काल झोप आली होती.

१९८४चाच एप्रिल. सूर्याचा अभ्यास करणारा सोलर मॅक्स नावाचा उपग्रह. वर गेल्यावर वर्ष व्हायच्या आत त्याचे फ्यूज उडाले आणि त्याला सूर्यावर नेम धरता येईना. किंमत बघा, फ्यूज! चॅलेंजर शटल दुरुस्तीला गेलं. जॉर्ज नेल्सन हा अंतराळवीर छातीवर पकडयंत्र लावून उपग्रहाच्या एका खुंटीपाशी पोचला. खुंटीवर यंत्र दाबलं, पकडेना. पुन्हा दाबलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदाही नाही. मागाहून कळलं की खुंटीशेजारी गोधडी अडकवायला एक बारीकसं बटण होतं, आणि ते ड्रॉइंगमध्ये नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. एका कारखान्यात, नाव नको, कंप्रेसरचं हेड उतरवताना ड्रॉइंगमध्ये नसलेला एक ब्रॅकेट निघाला होता. कुणीतरी पाच वर्षांपूर्वी वेल्ड करून ठेवलेला. त्या रात्री लाइन सहा तास बंद आणि शिव्या आम्हाला. तेव्हा नेल्सनच्या पोटात काय झालं असेल ते मला कळतं.

पुढे त्याने हातानेच सौर पंखी धरली, तर अख्खा उपग्रह गिरक्या घ्यायला लागला. बॅटरी उतरत चालली. खालच्या लोकांनी रातोरात त्याला कसाबसा शांत केला, आणि दोन दिवसांनी शटलच्या कॅनेडियन यांत्रिक हाताने त्याला अलगद धरलं.

खरी मेख यापुढे आहे. त्या उपग्रहात दोन वस्तू बदलायच्या होत्या. एक, नेम धरणारी पेटी. ही मुळातच 'वर जाऊन बदलता यावी' म्हणून बनवलेली, सुटसुटीत. ती तासाच्या आत बदलून झाली. दुसरा, एका दुर्बिणीचा इलेक्ट्रॉनिक्सचा डबा. हा उघडायचा असं कुणी धरलंच नव्हतं. त्याला गोधडी कापा, बारके स्क्रू सोडवा, जोडण्या काढा, आणि सगळं जाड हातमोज्यांत. जमलं, पण घाम काढून. उपग्रह एकच, माणसं तीच, हत्यारं तीच. फरक फक्त ड्रॉइंग काढणाऱ्याच्या डोक्यातला. पुढे सोलर मॅक्स १९८९ पर्यंत चालला.

---

तिसरी घंटा | रविवार, सकाळी १०:४०

'ड्रॉइंगमध्ये नव्हतं' 😄 आमच्या सोसायटीच्या प्लंबरचं हे पेटंट वाक्य आहे.

---

कोरडी शाई | रविवार, सकाळी ११:२०

हबलचा उल्लेख अजून कुणी कसा केला नाही? पाच वेळा शटलने जाऊन दुरुस्त केली ती दुर्बीण, १९९३ ते २००९. शेवटच्या खेपेचा किस्सा या धाग्याला अगदी फिट्ट आहे.

स्टिस नावाचं एक उपकरण २००४ मध्ये बंद पडलं होतं. त्याच्या आतलं एक कार्ड बदलायचं. वरच्या झाकणाला १११ बारीक स्क्रू. सुटलेला स्क्रू तरंगत दुर्बिणीत गेला तर संपलंच, म्हणून त्यासाठी खास पारदर्शक पट्टी बनवली, जी सगळे स्क्रू आतल्या आत अडवून ठेवील. वर्षानुवर्षं सराव. आणि मे २००९ मध्ये माइक मॅसिमिनो तिथे पोचला तर १११ स्क्रू राहिले बाजूला, त्यांच्या आड येणारा एक साधा धरायचा दांडा निघेना. चारांपैकी एका बोल्टचं डोकं फिरलं. पाना काका, तुमच्या भाषेत काय ते सांगा.

खाली नासाच्या गॉडार्ड केंद्रातल्या लोकांनी तसाच दांडा घेऊन ओढून बघितला, किती जोर लावला की तुटतो ते मोजलं आणि वर कळवलं, ओढ. त्याआधी तुकडे उडू नयेत म्हणून टेप गुंडाळून घेतली. त्याने ओढला, तुटला, काम पुढे सुरू.

आता मला सांगा, हे रोबोने केलं असतं का? कोलंबिया शटलच्या अपघातानंतर माणसं पाठवायला नको म्हणून हबलवर रोबो पाठवायचा विचार २००४ मध्ये झाला होता. तज्ज्ञांच्या समितीने नको म्हणून सांगितलं, आणि शेवटी माणसंच गेली. मला तरी समिती बरोबर वाटते.

---

बारा-तेराचा पाना | रविवार, दुपारी १२:०२

डोकं गोल झालं म्हणतो आम्ही. आटे शाबूत असतात, पण डोक्याला पकडच राहत नाही. खाली असतो तर वर नट वेल्ड करून फिरवला असता, किंवा छिन्नीने खाच पाडून. वर ओढून तोडणं हाच मार्ग, आणि किती जोराने तुटेल ते आधी खाली मोजून बघणं, याला म्हणतात मेंटेनन्स.

माणसाचं म्हणणं मान्य. पण हबल तेव्हा साडेपाचशे किलोमीटरवर. ९०१ छत्तीस हजारांवर. तिथे माणूस दुरुस्तीला आजवर गेलेला नाही आणि नजीकच्या काळात कुणी जाईल असं मला वाटत नाही. तिथे हात पाठवायचा तर यंत्राचाच.

---

आकाशकंदील | रविवार, दुपारी ३:१०

शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे तांत्रिक बाबतीत तोंड उघडणार नाही. पण एक गोड गोष्ट सांगायची राहून जाईल.

अशा यंत्रहाताचा पहिला मोठा प्रयोग जपानने केला, नोव्हेंबर १९९७ मध्ये सोडलेल्या ईटीएस-७ मोहिमेत. दोन उपग्रह, एक मोठा, एक लहान. नावं हिकोबोशी आणि ओरिहिमे. जपानी कथेत हिकोबोशी गुराखी, ओरिहिमे विणकर मुलगी. प्रेमात पडून दोघं कामं विसरली, म्हणून आकाशगंगेच्या दोन तीरांवर त्यांची ताटातूट झाली. वर्षातून एकदाच, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी भेट. आकाशात हे दोन तारे म्हणजे आपले श्रवण आणि अभिजित. पावसाळा सरला की रात्री डोक्यावर बघा, मधून खरोखरच आकाशगंगा वाहते.

आणि शास्त्रज्ञांनी त्या दोन उपग्रहांना सोडून पुन्हा जोडलं तो दिवस होता ७ जुलै १९९८.

ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा थ्रस्टरने त्रास दिला आणि हिकोबोशीला परत पोचायला सुमारे तीन आठवडे लागले. मुलांना हा भाग फार आवडतो.

---

हासन रोड | रविवार, दुपारी ४:२५

वा ताई! त्याच मोहिमेत खालून बसून हात चालवून बघितला होता. संदेश दुसऱ्या उपग्रहामार्फत फिरून जायचा, त्यामुळे हात हलवला आणि दिसलं यात पाच ते सात सेकंदांचा उशीर. डोळे मिटून सुईत दोरा ओवा, आणि ओवला की नाही ते सात सेकंदांनी कळेल, असं.

हात चालवण्यातली दुसरी गोम सांगतो, कारण बाहेरच्यांना ती लक्षात येत नाही. जमिनीवर पाना लावून बोल्ट फिरवता तेव्हा तुमचे पाय जमिनीला टेकलेले असतात आणि मशीन पायाला ठोकलेलं असतं. वर दोघंही मोकळे. तुम्ही उपग्रहाला बोट लावलं की तो लांब जातो, आणि तुम्ही उलटीकडे. बोल्ट फिरवायला गेलात तर बोल्ट राहतो जागेवर आणि दोघं फिरता. म्हणून आधी पकड, मग काम. आणि पकडतानाही हात ताठ ठेवायचा नाही. मनगटात जोर मोजणारा सेन्सर असतो, जोर वाढला की हाताने नमतं घ्यायचं. जमिनीवर याचा सराव घासून आरशासारख्या केलेल्या ग्रॅनाइटच्या फरशीवर, हवेच्या पातळ थरावर यंत्रं तरंगवून करतात.

आपल्या इस्रोची प्रगती पण नोंदवून ठेवू. स्पेडेक्सचे दोन उपग्रह, प्रत्येकी साधारण २२० किलो, ३० डिसेंबर २०२४ ला गेले आणि १६ जानेवारी २०२५ ला जोडले गेले. मध्ये दोनदा पुढे ढकललं, एकदा तीन मीटरपर्यंत नेऊन मागे घेतलं. तेव्हा लोक हसले. मला तो निर्णय सगळ्यात आवडला. मागे यायचं धाडस लागतं. नंतर एकाकडून दुसऱ्याकडे वीज देऊनही दाखवली. त्याच रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर एक चालणारा यंत्रहात होता, अळीसारखा एक टोक टेकवत दुसरं उचलत जाणारा, आणि कचरा पकडण्याच्या सरावाचा आणखी एक.

---

काडी | रविवार, सायंकाळी ६:४८

सगळे दुरुस्तीच्या गप्पा मारताय. जो हात दुसऱ्याच्या उपग्रहाचं झाकण उघडू शकतो, तो त्याची वायरही तोडू शकतो ना? चीनच्या शिजियान-२१ ने जानेवारी २०२२ मध्ये आपलाच मेलेला बैदू उपग्रह धरून स्मशान कक्षेच्याही पलीकडे नेऊन टाकला. उद्या मेलेला नसलेला उचलला तर?

---

टोटल लॉस | रविवार, सायंकाळी ७:०५

टोइंग व्हॅनवाला नो पार्किंगमधली गाडी उचलतो आणि पार्किंगमधलीही. अनुभव आहे.

---

वापरा आणि फेका | रविवार, रात्री ८:१२

काडीशी पहिल्यांदाच सहमत. आणि पाना काका, नासाने स्वतःच तुमचं झाकण उघडणं सोडून दिलं, त्याचं काय?

---

बारा-तेराचा पाना | रविवार, रात्री ९:३०

काडीभाऊ, धोका आहेच. पण हातोडा बनवणं कुणी बंद केलं नाही. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

नासाचं दुखणं मीच काढणार होतो. ओसाम-१ त्याचं नाव. लँडसॅट-७ हा १९९९चा उपग्रह, इंधन भरायची सोय नसलेला. रोबोने जायचं, धरायचं, गोधडी कापायची, लॉकवायर तोडायची, टोपणं काढायची, नळी लावून इंधन भरायचं. आठेक वर्षं काम चाललं, खर्च दोन अब्ज डॉलरच्या पलीकडे चालला, आणि मार्च २०२४ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर झालं. कारणांमध्ये खर्च, वेळ, तांत्रिक अडचणी तर होत्याच. पण आणखी एक होतं, की अशी सोय नसलेल्या उपग्रहांत इंधन भरण्यापासून आता हे क्षेत्रच दूर चाललंय.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. कारण हे हातांना जमत नव्हतं असं नाही. २०११ मध्ये शेवटच्या शटलमधून वॉशिंग मशीनएवढी एक पेटी अंतराळ स्थानकावर गेली. तिच्यावर खऱ्या उपग्रहासारखे व्हॉल्व्ह, टोपणं, लॉकवायरी. स्थानकाच्या डेक्स्टर नावाच्या यंत्रहाताने खालून मिळणाऱ्या आज्ञांवर अर्ध्या मिलिमीटरची वायर तोडली, आजूबाजूला मिलिमीटरभर मोकळीक असताना. पुढे जानेवारी २०१३ मध्ये टोपणं काढून इंधनाऐवजी इथेनॉल भरूनही दाखवलं. ज्याने कधी लॉकवायर पिळली आहे त्याला विचारा हे काय काम आहे.

आणि त्याच्याही आधी, २००७ मध्ये, ऑर्बिटल एक्सप्रेस. दोन उपग्रह, दोघंही जन्मतःच एकमेकांसाठी बनवलेले. हायड्राझीन हे इंधन एका टाकीतून दुसरीत गेलं, यंत्रहाताने बॅटरी बदलली. काही महिन्यांत काम आटोपलं.

म्हणजे वापराभाऊ, तुमचं आणि माझं भांडण नाहीच. नासा थांबली ती माझ्याच मुद्द्यावर येऊन. जुन्यांना टोचन किंवा बुडाला इंजिन. ते दुसरंही चाललंय, दोन यंत्रहातांचं एक यान तयार होतंय, ते म्हाताऱ्या उपग्रहांच्या बुडाला छोटी इंजिनं बसवत फिरणार. आणि नव्यांना मात्र पहिल्यापासून उघडणारं झाकण, तेही एका मापाचं. अमेरिकेत त्या तोंडाचं प्रमाण ठरवायची खटपट चालू आहे. स्कूटरला स्टेपनी देतात तशी ही सोय रांगेत यायला पाहिजे.

---

तिसरी घंटा | रविवार, रात्री ९:५५

आणि आपला एनव्हीएस-०२ हा दिशादर्शक उपग्रह? जानेवारी २०२५ मध्ये गेला, व्हॉल्व्ह उघडला नाही म्हणून वरच्या कक्षेत पोचलाच नाही. त्याला जाऊन कुणी...?

---

हासन रोड | रविवार, रात्री १०:२०

नाही हो. तो लांबट कक्षेत फिरतोय, एक टोक पृथ्वीला अगदी खेटून, दुसरं ३६ हजारांच्या वर. तिथे गाठायलाच एवढं इंधन लागेल की टोचन करणारा स्वतः रिकामा होईल. आणि तो व्हॉल्व्ह आत, पोटात. ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळायला लागणारा द्रव, इंजिनापर्यंत जाऊ देणारा. पाना साहेबांचं झाकण निदान बाहेर असतं.

हे लिहिताना बरं वाटत नाही. पुरे.

पाना साहेब, एक खेळ सुचवतो. नायलॉनच्या दोरीला डबा टांगा, त्यावर लॉकवायर मारलेला बोल्ट बसवा. हाताने नाही, चिमट्यांनी. डबा थेट बघायचा नाही, फक्त व्हिडिओ कॉलवर. वायर तोडून दाखवा.

---

बारा-तेराचा पाना | पुढचा रविवार, दुपारी १:१५

केलं.

झोपाळ्याच्या कडीला रंगाचा रिकामा डबा टांगला. त्याच्या कडेला दोन भोकं पाडून दहाचा बोल्ट, डोक्यात भोक, त्यातून अर्ध्या मिलिमीटरची स्टीलची वायर पिळून. मध्ये पुठ्ठा आडवा, त्याला दोन भोकं, माझे हात तेवढे पलीकडे. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातातल्या सांडशीला वायर कटर सुतळीने बांधलेला. नातू पलीकडे मोबाइल धरून, मी अलीकडे टॅबवर बघणार. कॉलला जेमतेम सेकंदाचा उशीर, म्हणजे जपान्यांच्या सातव्या हिश्शाने.

पहिल्याच स्पर्शाला डबा वीतभर गेला आणि गिरकी घेत परत आला, तो माझ्या बोटांवर. मी त्याच्या मागे मागे सांडशी नेत होतो आणि टॅबवर बघेपर्यंत तो दुसरीकडेच. वीस मिनिटं अशी गेली. मग नातू म्हणाला, "आजोबा, त्याच्या मागे नका जाऊ, थांबा, तो येतो." खरंच थांबलो. डबा शांत झाल्यावर काठाखाली सांडशी नुसती उघडून ठेवली आणि हलकेच मिटली. पकडला. मनगट ताठ केलं की सुटत होता, सैल सोडलं की राहत होता. हासन रोड साहेब, तुमचं नमतं घेणं कळलं.

कटर वायरपाशी न्यायला आणखी पंचवीस मिनिटं. टॅबवर खोली कळत नाही. कटर वायरच्या पुढे आहे की मागे, ते सावली बघून ठरवायचं. आणि नातवाचा हात हलला की सूर्यच हलतो.

शेवटी 'टिंग' झालं. वायर तुटली, एकूण ४७ मिनिटं. डाव्या हाताचा अंगठा सुजलाय.

वायरचा तुटलेला तुकडा, नखाएवढा असेल, उडाला. टेप लावायची राहिली. हिने दोनदा केरसुणी फिरवली, मी चुंबक फिरवला. पण वायर स्टेनलेसची, चुंबकाला दाद देत नाही. अजून सापडलेला नाही. घरात सगळे चपला घालून वावरताहेत.